नोकरी सांभाळून पेटी, पेटी सांभाळून ॲप

२६ ऑक्टोबर २०२५ला, लाभपाचमीच्या रविवारी, आमचं लेहऱ्याचं ॲप प्ले स्टोअरवर आलं. ॲपचं नाव इथे देत नाही, कारण ही जाहिरात नाही. पोट सॉफ्टवेअर डिझाईनवर आणि जीव गाण्याबजावण्यात, अशी माणसं बडोद्यातही बरीच आहेत. असं काहीतरी आपण करावं हे त्यांच्यातल्या अनेकांच्या डोक्यात घोळत असतं. घोडं अडतं ते कंपनीच्या परवानगीपाशी, गुगलच्या फॉर्मपाशी आणि "वेळ कुठून आणायचा" इथे. मी नुकतीच त्यातून बाहेर पडलेय, सगळं ताजं आहे, तोवर लिहून ठेवते.

मी इंटरफेस डिझायनर आहे. ऑफिस अलकापुरीत, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. राहायला दांडिया बाजारात. पेटी, म्हणजे हार्मोनियम, लहानपणापासून हाताखाली आहे आणि गेली बरीच वर्षं शनिवारी संध्याकाळी मी रावपुऱ्यातल्या एका तबल्याच्या क्लासमध्ये लेहरा धरायला जाते. ज्यांचा तबल्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: तबलावादक कायदे, रेले, तुकडे वाजवत असतो तेव्हा पेटीवर किंवा सारंगीवर एका आवर्तनाची (तालाच्या एका पूर्ण फेरीची) एकच ओळ फिरत राहते, तो लेहरा. तीनतालाच्या सोळा मात्रा मिनिटाला साठच्या लयीत घेतल्या तर सोळा सेकंदांची एक ओळ होते, आणि ती अर्धा-पाऊण तास तशीच वाजवायची. लेहरा धरणाऱ्याने काही करून दाखवायचं नसतं. हलायचं नाही, एवढंच काम.

शनिवारी मी असते. बाकीचे दिवस पोरं व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या, दोन्ही टोकं तुटलेल्या रेकॉर्डिंगवर रियाज करतात. लेहऱ्याची ॲप बाजारात आहेत, त्यातली काही चांगलीही आहेत. पण क्लासच्या सरांना झपताल आणि रूपक हे ताल अगदी ठाय, म्हणजे संथ, लयीत हवे होते, पोरांच्या तबल्याच्या सुरात हवे होते आणि खऱ्या पेटीवर वाजवलेले हवे होते. डिसेंबर २०२४मध्ये त्यांनी विषय काढला. "तू ऑफिसात दिवसभर हेच करतेस ना? मग आमच्यासाठी कर की."

पहिलं काम मी केलं ते नेमणूकपत्र बाहेर काढून वाचायचं. तुम्हीही वाचा, आजच वाचा. माझ्या पत्रात दोन कलमं होती. नोकरीत असताना बाहेरचं काम करायचं तर लेखी परवानगी घ्यायची, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याने केलेली कामाच्या क्षेत्रातली निर्मिती कंपनीची. कामाच्या वेळेत केलेली, असं त्यात नव्हतं. म्हणजे रात्री जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढलेली स्क्रीनही, शब्दशः धरलं तर, त्यांची. पेटीवर वाजवलेला चंद्रकंस राग कोणाचा, हे पत्रात अर्थातच नव्हतं.

२० जानेवारीला एचआरला मेल टाकला, सोबत एक पानाचं टिपण. काय बनवणार, कोणासाठी, कंपनीच्या धंद्याशी त्याचा संबंध का नाही, कोणता लॅपटॉप वापरणार, पैसे मिळणार का. हे टिपण आधीच जोडल्याचा फायदा झाला, कारण पुढे तेच पान एचआरकडून लीगलकडे, लीगलकडून माझ्या मॅनेजरकडे आणि तिथून परत एचआरकडे फिरत राहिलं. दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागलं नाही. फेब्रुवारीत एक फोन आला.

"यातून उत्पन्न किती अपेक्षित आहे?"

"काहीच नाही."

"मग उद्देश काय लिहू?"

मी म्हटलं, विद्यार्थ्यांचा रियाज. पलीकडे थोडी शांतता, मग टाईप केल्याचा आवाज. शेवटी त्यांनी काय लिहिलं ते मला कळलं नाही, पण त्यानंतरही घोंगडं आठवडाभर भिजत पडलं. ३ मार्चला पत्र आलं. अटी सरळ होत्या: कंपनीचा लॅपटॉप वापरायचा नाही, कंपनीची सॉफ्टवेअर लायसन्स वापरायची नाहीत, कामाच्या वेळेत हात लावायचा नाही, कुठेही कंपनीचं नाव घ्यायचं नाही. पत्र हातात पडेपर्यंत मी एकही स्क्रीन काढली नव्हती. डिझाईनच्या फाईलवर तारीख असते आणि उद्या वाद झालाच तर तीच तारीख बोलते. आणखी एक: पत्राची प्रत घरच्या मेलवर ठेवा, नोकरी सुटली की ऑफिसचा मेल त्याच दिवशी बंद होतो.

वेळेचं आता बोलते, कारण मला विचारणारे सगळे आधी हेच विचारतात.

मी सुरुवातीला सगळे करतात तशी वाटणी केली. दिवस ऑफिसला, संध्याकाळ अर्धी पेटीला, अर्धी ॲपला. आठवडाभरातच लक्षात आलं की घड्याळात वेळ निघतो, पण कान उरलेले नसतात. दिवसभर हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसल्यावर संध्याकाळी मला पेटीच्या दोन रीडमधला कंप ऐकू येत नव्हता. खर्ज आणि मध्य असे दोन षड्ज (सा) एकत्र दाबले आणि ते किंचित सरकलेले असले की आवाज हळूहळू डोलतो. सकाळी ते डोलणं मला स्वच्छ ऐकू येतं, संध्याकाळी सात वाजता ते मला नसतंच. मग अशा कानांनी रियाज काय करणार आणि रेकॉर्डिंगचं संपादन तरी काय करणार?

तेव्हा तासांची वाटणी सोडली आणि इंद्रियांची केली. पहाटे साडेपाच ते पावणेसात पेटी, फोन दुसऱ्या खोलीत. रात्री आठ ते साडेनऊ स्क्रीनचं काम, ते डोळ्यांचं, आवाज पूर्ण बंद ठेवून. दहानंतर दोन्ही नाही. पहाटे पेटी वाजवायची तर शेजाऱ्यांना आधी सांगावं लागतं. समोरच्या बेननी एवढंच विचारलं की भजन असेल का. अधूनमधून असेल म्हटलं, त्यावर त्यांची काही हरकत नव्हती.

या वाटणीत एक काम कुठेच बसेना. लेहऱ्याचे तुकडे कापणं, जोडणं, ऐकणं हे काम सॉफ्टवेअरचं, पण लागतात कान, आणि तेही ताजे. म्हणजे त्याला पहाट हवी, आणि पहाट तर पेटीची. रियाजासाठी ॲप बनवता बनवता रियाजच बंद पडणार, अशी वेळ मार्चअखेर आली. मी त्याला रविवारची सकाळ दिली आणि त्याहून एक मिनिट दिलं नाही. त्यापायी काम लांबलं. जे एप्रिलमध्ये संपलं असतं ते जूनपर्यंत गेलं. लांबू दिलं.

परवानगी मार्चमध्ये आल्यामुळे रेकॉर्डिंग नेमकं एप्रिल-मेमध्ये आलं. बडोद्याचा एप्रिल ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. जागा म्हणजे रावपुऱ्यात सरांची मागची खोली. भिंतींना गोधड्या आणि रजया टांगल्या, खिडकी लावली आणि पंखा बंद, कारण पंख्याची घरघर माईक सोडत नाही. सकाळी सातला सुरुवात करायची आणि नळाला पाणी येऊन बिल्डिंगमधल्या मोटारी लागल्या की गाशा गुंडाळायचा. माईक आणि त्याचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा ऑडिओ इंटरफेस जुने घेतले, दोन्ही मिळून १४,००० रुपये. त्याआधी पेटी सुरात करून घेतली, २,५०० रुपये. तो खर्च वाचवू नका. कार्यक्रमात खपून जाणारी रीड एकच ओळ शंभर वेळा ऐकताना डोकं उठवते.

पेटीवर एक जुना आक्षेप आहे आणि तो खरा आहे. तिचे बाराही सूर समान अंतरावर बसवलेले असतात. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जापासून साधारण ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं माप) असतो, पेटीचा ४०० वर. गायकाच्या कानाला हे चौदा सेंट टोचतात. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली त्यामागे असे आक्षेपही होते, आणि ती बंदी बरीच वर्षं टिकली. लेहऱ्याला मात्र हे निभावतं, कारण इथे तबल्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दाखवणं हे मुख्य. तरीही मी तीनतालासाठी चंद्रकंस घेतला. त्यात शुद्ध गंधारच नाही, आणि सा ग म ध नि एवढ्या पाच सुरांत (ग, ध कोमल) त्या शुद्ध निषादावरून षड्जावर येताना सम अशी काही येते की नवशिक्या पोरालाही ती चुकत नाही.

माझी पेटी स्केल चेंजर आहे, त्यामुळे बोटं तीच ठेवून काळी एक, पांढरी एक आणि पांढरी दोन अशा तिन्ही पट्ट्यांत वाजवता आलं. एकदाच वाजवून बाकी सॉफ्टवेअरवर सोपवावं असं भाच्याचं मत होतं. तो एम. एस. युनिव्हर्सिटीत टेक्नॉलॉजीला आहे, कोड सगळा त्याचा. करून पाहिलं. लय दहा टक्क्यांपर्यंत वरखाली केली तर चालून जातं, त्यापुढे पेटी पाण्यातून वाजल्यासारखी येते. मग प्रत्येक लयीचे टप्पे वेगळे वाजवले.

खरी अडचण सांध्याची होती. लेहरा ॲपमध्ये फिरत राहणार म्हणजे आवर्तनाचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जोडलं जाणार. पहिल्या मात्रेला मी भाता नुकताच भरलेला असतो, सोळाव्या मात्रेला दाब उतरलेला असतो. ते दोन जोडले की दर समेला आवाजाला ठेच लागते. यावर उपाय सापडला तो असा: सलग तीन आवर्तनं वाजवायची आणि मधलं कापून घ्यायचं. त्याच्या आधीही भाता चालू आहे, नंतरही चालू आहे, त्यामुळे दोन्ही टोकांना दाब सारखा राहतो. खोलीत रेंगाळणारा मागचा सूरही मधल्या आवर्तनात आपोआप येतो.

आणि फाईल एमपीथ्री करू नका. त्या पद्धतीत फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडली जाते. गाणं ऐकताना ती कळत नाही, पण लेहऱ्यात ती दर आवर्तनाला येते आणि सम किंचित उशिरा पडते. भाचा स्क्रीनकडे बघून सगळं बरोबर आहे म्हणत होता. क्लासमधल्या एका मुलाने दोन आवर्तनं वाजवली आणि म्हणाला, "ताई, हा मागे ओढतो." ओजीजी फाईल केल्यावर ओढ गेली.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत सरांशी माझं एकदा वाजलं. मी डिझायनर, मला पंधरा आवृत्त्या काढून त्यातली एक निवडायची सवय. सर तिसऱ्या वेळेनंतर उठून चहा ठेवायला गेले. "लेहरा निवडायचा नसतो. बस, वाजव, आणि तोच ठेव." मला हे पटलं नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण पुढच्या रविवारी सगळं ऐकलं तेव्हा प्रत्येक तालात सुरुवातीचंच कुठलंतरी मला ठेवावंसं वाटलं, नंतरच्यांमध्ये हात जास्त सावध झालेला ऐकू येत होता.

रूपकातली एक ओळ सरांची स्वतःची आहे. ती वापरायची म्हणून मी त्यांच्याकडून लेखी संमती घेतली, साध्या कागदावर, तारीख आणि सही. राग कोणाच्या मालकीचा नसतो, पण बांधलेली ओळ कोणीतरी बांधलेली असते, आणि घरच्या माणसाकडूनही हे लिहून घ्यावं. सर हसले. "माझी कुठली? मी पण कुणाची तरी ऐकूनच बांधली असेल." सही मात्र झोकात केली.

जूनपासून स्क्रीन. ऑफिसात आम्ही वापरणाऱ्या माणसाचं निरीक्षण करण्यावर व्याख्यानं देतो. इथे निरीक्षण करायला मी शनिवारी एका कोपऱ्यात नुसती बसले. तबला वाजवणाऱ्याच्या हाताला पावडर असते. फोन त्याच्या गुडघ्यापाशी जमिनीवर असतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याने तो तसूतसूने सरकत जातो. लय वाढवायची म्हणून मुलगा पांढऱ्या बोटाने बटण दाबतो, ते लागत नाही, पुन्हा दाबतो, स्क्रीनवर पावडरचे ठसे उमटतात आणि मग तो कोपराने पुसतो, तेवढ्यात ॲप बंद. माझं पहिलं डिझाईन दिसायला देखणं होतं, बारीक रेषा, छोटी बटणं. ते मी त्याच रात्री बाजूला ठेवलं. आता निम्मी स्क्रीन म्हणजे थांबा-चालू, उरलेल्या निम्म्यात लय कमी आणि लय जास्त. आवाजाच्या बटणावरही लय बदलते, कारण ते बोटाला पावडर असली तरी दाबलं जातं.

स्वरलिपी दाखवायची की नाही यावर बराच खल झाला. सर म्हणत होते, पोरांना ओळ गाता आली पाहिजे, तेव्हा दाखव. मग कोणती लिपी? आमच्या गावात हा प्रश्न नवा नाही. सूरसागरासमोरचं आजचं म्युझिक कॉलेज ज्या गायनशाळेतून वाढलं ती सयाजीरावांच्या काळात १८८६ साली निघाली, आणि तिचे प्रमुख मौलाबक्ष यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली होती, भातखंडे आणि पलुस्कर या संगीतज्ञांच्या लिप्या रूढ होण्याच्या आधी. १९१६ला भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही बडोद्यातच. आमच्या क्लासच्या वह्या भातखंडे लिपीत आहेत, म्हणून ती घेतली. त्यात कोमल स्वराखाली आडवी रेघ येते. युनिकोडमध्ये वेदपाठासाठी जे अनुदात्ताचं चिन्ह आहे ते टाकून काम भागेल असं वाटलं होतं, पण स्वस्त फोनच्या फॉन्टमध्ये ती रेघ इतकी बारीक येते की लांबून कोमल-शुद्ध एकच दिसतं. शेवटी रेघा वेगळ्या काढून अक्षरांखाली बसवल्या.

चालू मात्रा उजळते, तिच्याबद्दल एक सूचना: ब्लूटूथ स्पीकरवर आवाज उशिरा पोचतो, कधी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतका. एकशेवीसच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे दिवा पुढे आणि सूर मागे. वायर लावा. तसं ॲपमध्येही लिहिलं आहे, वाचत कोणी नाही.

२७ ऑगस्टला गणपती बसले. आमच्या भागातल्या मंडळात एका गायिकेची मला साथ करायची होती, आणि त्या साथीत मला माझा हात परका वाटला. इतके महिने लेहरा रेकॉर्ड करून तो ठाम झाला होता. साथीत पेटीने गाणाऱ्याच्या किंचित मागून यायचं असतं, त्याची जागा कुठे जाते ते ऐकून. मी आधीच तिथे जाऊन थांबत होते. गायिका भली, काही बोलल्या नाहीत, एकदा माझ्याकडे बघून हाताने सावकाश असं केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी लेहरा पूर्ण बंद केला आणि दिवाळीपर्यंत फक्त ख्यालाची साथ घोटली, जुन्या मैफिलींच्या रेकॉर्डिंगबरोबर. ज्यांना दोन्ही सांभाळायचं आहे त्यांना हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते: वेळेची ओढाताण दिसते तरी, हाताला लागलेली सवय दिसत नाही.

आता गुगलचे कागद. ऑगस्टच्या सुरुवातीला डेव्हलपर खातं उघडलं. फी २५ डॉलर, आयुष्यात एकदाच. बँकेचे आकार धरून साधारण २,३०० रुपये गेले. ॲपलची फी दर वर्षी ९९ डॉलर आहे, त्यामुळे आयफोनचा विचार तिथेच संपला. नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्या. ओळखपत्रावरचं नाव आणि खात्यावरचं नाव अक्षर न अक्षर जुळायला हवं. लग्नानंतर ज्यांची काही कागदपत्रं माहेरच्या आणि काही सासरच्या नावावर आहेत त्यांनी आधी कोणतं ओळखपत्र द्यायचं ते ठरवावं आणि मग फॉर्मला हात लावावा. एक खरा अँड्रॉइड फोनही पडताळणीला लागतो.

ॲप फुकट ठेवायचं हे आमचं आधीच ठरलं होतं, पण त्याला आणखी एक कारण इथे मिळालं. वैयक्तिक खात्यावर फुकट ॲप असेल तर लोकांना तुमचं नाव, देश आणि मेल दिसतो. पैसे घ्यायला लागलात की घराचा पूर्ण पत्ता दिसतो. दांडिया बाजारातला माझा पत्ता जगाला दाखवून महिन्याला चारशे रुपये मिळवण्यात मला रस नव्हता. मेलही वेगळा काढा, रोजचा देऊ नका.

बाकीचे फॉर्म कंटाळवाणे आहेत, अवघड नाहीत. आम्ही कसलीही माहिती गोळा करत नाही, तरी गोपनीयता धोरणाचं पान आणि त्याची लिंक लागतेच. वयोगटात तेराच्या खालची मुलं धरली की मुलांच्या ॲपचे वेगळे नियम लागतात. क्लासला नऊ वर्षांचीही मुलं आहेत, मग धरली. जाहिरात नसल्याने ते जड गेलं नाही. चिन्ह ५१२ बाय ५१२, वरचं चित्र १०२४ बाय ५००.

सगळ्यात लांबली ती चाचणी. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंदिस्त चाचणी करावी लागते: किमान बारा माणसं, सलग चौदा दिवस सामील. आधी ही संख्या वीस होती, डिसेंबर २०२४मध्ये बारा झाली. बारा माणसं आमच्याकडे सहज होती. बारा चालू जीमेल नव्हते. फोन घेताना दुकानदाराने काढून दिलेला मेल, पासवर्ड त्यालाच माहीत, अशा फोनवर अर्धा क्लास चाललेला आहे. लिंक ज्या मेलवर पाठवली त्याच मेलने प्ले स्टोअर उघडलेलं असावं लागतं, नाहीतर माणूस सामील दिसतच नाही. एका शनिवारी मी पेटी उघडलीच नाही, नुसते फोन घेऊन बसले. बाराच्या ऐवजी पंधरा घ्या. कोणीतरी फोन बदलतं, कोणीतरी ॲप काढून टाकतं.

१५ सप्टेंबरला चाचणी सुरू झाली आणि २२ला नवरात्र. बडोद्यात नवरात्रात तबला, ढोल, ढोलक वाजवणाऱ्या माणसाला ॲप उघडायला सांगणं म्हणजे अंगाशी येण्याची तयारी ठेवणं. रात्री बारा-एकपर्यंत गरबा, सकाळी झोप, संध्याकाळी परत साऊंड चेक. सगळे यादीत सामील होते, पण कोणी ॲपला हात लावत नव्हतं. चौदा दिवस कागदावर भरले तेव्हा अर्ज करता आला असता. त्या अर्जात मात्र चाचणी करणाऱ्यांनी ॲप कसं वापरलं, काय सांगितलं, त्यावरून तुम्ही काय बदललंत हे विचारतात. माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. थांबले. दसरा झाला, ६ ऑक्टोबरला कोजागरी झाली. सरांच्या गच्चीवर दूध आटवताना सगळ्यांना एकत्र बसवून वापरायला लावलं आणि तिथे तासाभरात जेवढं कळलं तेवढं आधीच्या तीन आठवड्यांत कळलं नव्हतं. लय एकदम पाचने नको, दोनने वाढावी. थांबवल्यावर पुन्हा चालू करताना समेपासूनच सुरू व्हावं. बाबांचा फोन आला की लेहरा बंद व्हावा आणि ठेवल्यावर आपोआप सुरू होऊ नये, कारण बाबा शेजारीच असतात.

हे बदल भाच्याने तीन रात्रींत केले, त्याच्या बदल्यात सेव-उसळीचा हिशोब अजून चालू आहे. १० ऑक्टोबरला अर्ज भरला. उत्तरं गुळगुळीत लिहिली नाहीत, वर सांगितलं तेच लिहिलं, लय दोनने आणि समेपासून. आठवड्याच्या आत मंजुरी आली. दिवाळी मध्ये होती, आणि सरांचा आग्रह लाभपाचमीचा. परीक्षण आधी करून घेऊन प्रसिद्धी आपल्या हातात ठेवायची सोय गुगलच्या डेव्हलपर कन्सोलमध्ये आहे, ती वापरली. रविवारी सकाळी पेटी झाल्यावर बटण दाबलं. प्ले स्टोअरवर शोधून सापडायला दुपार झाली.

खर्च एकूण एकोणीस हजारांच्या आत, त्यातला बहुतेक पेटी आणि माईकचा. दर वर्षी नव्या अँड्रॉइडसाठी ॲप सुधारून चढवावं लागतं, नाहीतर नव्या फोनवर ते दिसेनासं होतं, तेव्हा भाचा शिकायला बाहेरगावी गेला तर काय, याचा विचार मला आत्तापासून करावा लागणार आहे. सध्या माझ्या पहाटेला लेहरा नाही. सरांना पखवाजवाल्या मुलांसाठी चौताल आणि धमार हे ताल हवे आहेत, तेही जानेवारीत, थंडीत, पंख्याची भानगड नसताना. मी कंपनीला विचारलं आहे की जुन्या परवानगीत हे बसतं की नवीन अर्ज करावा लागेल. मेल एचआरकडून लीगलकडे गेल्याचं कळलं आहे.